लॅब मॅन्युअलमधली एक ओळ, आणि लायब्ररीला कोणतं 'पिक' लावायचं

प्रति,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांत संगणकाची लॅब मॅन्युअल लिहिणारे सर्व सर आणि मॅडम यांस,

सप्रेम नमस्कार.

जळगावच्या एमआयडीसीत आमचं पाच माणसांचं वर्कशॉप आहे. केळीच्या बागांना ठिबकचं पाणी वेळेवर सोडणारे कंट्रोलर आम्ही बनवतो. आमची गिऱ्हाइकं रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यातली. जमिनीतला ओलावा मोजायचा, व्हॉल्व्ह उघडायचा, फेज गेली की मालकाच्या मोबाइलवर कळवायचं, एवढंच काम. पण त्याचं सी-मधलं कोड चार तऱ्हेच्या मशीनवर चालवावं लागतं. आमच्या टेबलावर ६४ बिटी इंटेल, शेतातल्या डब्यात ६४ बिटी आर्मचा बोर्ड, काही जुन्या जागी मिप्स प्रोसेसरचा राउटर, आणि दोन-तीन बागायतदारांच्या ऑफिसात अजून धडधडत असलेला ३२ बिटी संगणक. सेन्सर वाचायचा भाग सगळीकडे एकच, म्हणून त्याची शेअर्ड लायब्ररी, म्हणजे अनेक प्रोग्रॅमना मिळून वापरता येईल असं वेगळं बांधलेलं कोड, केलेली आहे.

दर उन्हाळ्यात तुमच्याकडची दोन-तीन मुलं आमच्याकडे इंटर्नशिपला येतात. मुलं चांगली असतात, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे लिहिणार आहे ते त्यांच्याबद्दल नाही. त्यांच्या बॅगेत जे मॅन्युअल असतं त्यात एक ओळ असते: 'शेअर्ड लायब्ररी बनवताना पिक ऑप्शन वापरावा.' कॉलेज बदलतं, मुखपृष्ठ बदलतं, ओळ तीच राहते. कोणीतरी कधीतरी लिहिली आणि ती जर्नलमधून जर्नलमध्ये उतरत गेली. माझं पत्र या एका ओळीबद्दल आहे. पिक म्हणजे पोझिशन-इंडिपेंडंट कोड, मेमरीत कुठेही ठेवलं तरी चालणारं.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. एका मुलीला मी ती लायब्ररी नव्याने बांधायला दिली. तिने मॅन्युअलच्या पीडीएफमधून कमांड उचलली आणि टर्मिनलवर चिकटवली. जीसीसी, म्हणजे आमचा सी-चा कंपायलर, म्हणाला, अशी कोणती फाइलच नाही. तिने पुन्हा चिकटवली, पुन्हा तेच. आमचा धुळ्याकडचा टेक्निशियन मागून वाकून बघत म्हणाला, "हाई काय शे?" मलाही पाच मिनिटं कळेना. मग अक्षरं मोठी करून पाहिली, तेव्हा दिसलं: ऑप्शनच्या आधी जो साधा हायफन हवा, त्याचा वर्ड प्रोसेसरने परस्पर लांब डॅश करून टाकलेला होता. जीसीसीला तो ऑप्शन वाटतच नव्हता, फाइलचं नाव वाटत होतं. म्हणजे जी एक ओळ छापली होती, ती छापील रूपात चालणारीच नव्हती, आणि कित्येक बॅचनी ती जर्नलमध्ये सुवाच्य अक्षरात लिहून सही घेतली होती.

हे झालं टायपिंगचं. खरा घोळ पुढे आहे.

मॅन्युअलमधलं उदाहरण बेरीज-वजाबाकीची दोन फंक्शनं असलेल्या लायब्ररीचं आहे. ते उबंटू लिनक्सवर ऑप्शन न लावताही बिनबोभाट बांधलं जातं. मुलांनी हे करून पाहिलेलं असतं, मुलं काही भोळी नाहीत. एका मुलाने मला सरळ सांगितलं, "सर, ते ऑप्शनल असतं. नाही लावलं तरी चालतं. एक्स्टर्नलनी विचारलं तर लावायचं म्हणून सांगायचं." मी त्याला म्हटलं, त्याच फाइलीत वर एक ग्लोबल व्हेरिएबल टाक, काउंटर नावाचं, आणि फंक्शनमध्ये ते एकने वाढव. टाकलं. कंपाइल झालेले तुकडे जोडणाऱ्या लिंकरने लगेच नकार दिला: आर-एक्स८६-६४-पीसी३२ हे रिलोकेशन (पत्ता मागाहून भरायची नोंद) शेअर्ड ऑब्जेक्टमध्ये चालणार नाही, पिक लावून पुन्हा कंपाइल करा.

एक व्हेरिएबल आलं की का अडतं, हे मॅन्युअलमध्ये कुठेही नाही. तेच तर सगळ्यात शिकवण्यासारखं आहे. भुसावळ स्टेशनवर कोणाला घ्यायला गेलात, तर फोनवर दोन प्रकारे जागा सांगता येते. 'चौदा नंबरच्या खांबाजवळ' किंवा 'इंजिनापासून सातवा डबा'. गाडी थोडी पुढे-मागे थांबली की खांबाचा हिशेब चुकतो, डब्याचा चुकत नाही. शेअर्ड लायब्ररी मेमरीत कुठे थांबेल याचा भरवसा नसतो. प्रत्येक प्रोसेसमध्ये तिची जागा वेगळी असू शकते, आणि सुरक्षेसाठी ती हल्ली मुद्दामच बदलली जाते. म्हणून तिच्यातलं कोड 'माझ्यापासून इतक्या अंतरावर' अशा भाषेत लिहिलेलं लागतं. हे झालं स्वतःच्या डब्यातल्या सामानाचं. पण ग्लोबल व्हेरिएबल दुसऱ्या गाडीतही असू शकतं. मुख्य प्रोग्रॅमने त्याच नावाचं व्हेरिएबल ठेवलं असेल, तर लायब्ररीलाही तेच वापरावं लागतं, असा नियम आहे. मग अंतर आधी ठरवणार कसं? त्यासाठी एक तक्ता असतो, ग्लोबल ऑफसेट टेबल, बोलताना आपण गॉट म्हणतो. कोड फक्त तक्त्यातली रांग जाणतं, आणि त्या रांगेत खरा पत्ता लोडर, म्हणजे लायब्ररी मेमरीत चढवणारा प्रोग्रॅम, भरतो. तक्ता प्रत्येक प्रोसेसचा आपापला, कोड मात्र सगळ्यांत मिळून एकच प्रत.

आता तुम्ही विचाराल, मग बेरीज-वजाबाकी ऑप्शनशिवाय का बांधली गेली? त्यात बाहेरचा काही पत्ताच नव्हता, हे एक. शिवाय उबंटूचा जीसीसी काही न सांगताही अर्धं काम करून ठेवतो. २०१६ च्या जीसीसी ६ पासून असा पर्याय आला की कंपायलर बांधतानाच ठरवून ठेवायचं, प्रत्येक प्रोग्रॅम 'पाय' म्हणजे पोझिशन-इंडिपेंडंट एक्झिक्युटेबल म्हणूनच निघावा. उबंटूने त्याच वर्षी १६.१० मध्ये ६४ बिटी इंटेलसाठी ते चालू केलं, डेबियन या दुसऱ्या लिनक्सने २०१७ च्या स्ट्रेच आवृत्तीत. पाय आणि पिक ही सख्खी भावंडं, पण स्वभाव वेगळे. पाय धरून चालतो की आपलं व्हेरिएबल आपल्याच घरात आहे, दुसरा कोणी ते बळकावणार नाही. मुख्य प्रोग्रॅमला ते खरं आहे, लायब्ररीला नाही. म्हणून काउंटर येताच लिंकर अडला. ज्या मुलाला 'नाही लावलं तरी चालतं' वाटत होतं त्याचं काही चुकलं नव्हतं. त्याचा कंपायलर त्याच्या नकळत पाय लावत होता, आणि मॅन्युअल ज्या काळात लिहिलं गेलं त्या काळातला कंपायलर तसं करत नव्हता.

हे पोरांना पाच मिनिटांत दाखवता येतं. कंपायलर एक मॅक्रो तयार करतो, नाव पिक, आधी दोन अंडरस्कोअर आणि नंतर दोन. त्याची किंमत छापून बघायची. छोटं पिक लावलं तर १, मोठं लावलं तर २. उबंटूवर काहीच न लावता छापलं तर तिथेही २ येतात. हा आकडा पडद्यावर आला की वर्गातला झोपलेला पोरगाही मान वर करतो, हे मी पाहिलेलं आहे.

छोटं आणि मोठं पिक हा शब्दप्रयोग आमच्या वर्कशॉपचा आहे, त्याचा खुलासा करतो. जीसीसीत दोन ऑप्शन आहेत. हायफन-एफ झाल्यावर पी-आय-सी स्मॉल अक्षरांत लिहिलं की एक, कॅपिटलमध्ये लिहिलं की दुसरा. आपल्या देवनागरीत कॅपिटल-स्मॉल भानगडच नाही. त्यामुळे मराठीत लिहिताना दोन्हींचं 'पिक' होतं आणि फरक हवेत विरतो. तुमच्या मॅन्युअलमध्ये तेच झालं आहे: मराठी परिच्छेदात नुसतं पिक, खालच्या कमांडमध्ये एकदा स्मॉल आणि पुढच्या पानावर कॅपिटल, जणू दोन्ही एकच. आम्ही छोटं-मोठं म्हणतो. एकदा यावलकडचे एक बागायतदार चहा घेत बसले होते आणि मी आतून ओरडलो, "अरे, मोठं पिक लावलं का?" ते म्हणाले, "भाऊ, आम्ही तर केळीच लावतो, मोठं पीक ते कोणतं?" तेव्हापासून आमच्याकडे लायब्ररी बांधली की केळी लावली असं म्हणतात. तुम्ही हवा तर दुसरा शब्द ठरवा, पण ठरवा. आणि कमांड मात्र टाइप करायची तशीच, इंग्रजी अक्षरांत छापा. या पत्रात मी सगळं देवनागरीत लिहितोय ते पत्र आहे म्हणून.

फरक काय? पुन्हा तोच तक्ता. छोटं पिक गृहीत धरतं की तक्ता लहान आहे, त्याच्या कोणत्याही रांगेपर्यंत प्रोसेसरच्या एका छोट्या सूचनेत पोचता येईल. मोठं पिक असं काही गृहीत धरत नाही, त्यासाठी एखादी सूचना जास्त खर्च करतं. 'लहान' म्हणजे किती, हे प्रोसेसर ठरवतो. स्पार्कवर ८ केबी, ६४ बिटी आर्मवर २८ केबी, जुन्या मोटोरोला ६८के आणि आयबीएमच्या आरएस/६००० वर ३२ केबी. इंटेलला मर्यादाच नाही, तिथे छोटं लावा की मोठं, सारखंच. हे आकडे जीसीसीच्या कागदपत्रांत असेच कंसात दिलेले आहेत, कारण सांगितलेलं नाही. कारण काढायला बसलं की मजा येते. स्पार्कच्या सूचनेत आकडा लिहायला १३ बिट मिळतात, २ चा १३ वा घात ८१९२, झाले ८ केबी. ६८के वर १६ बिटांचं अंतर, अर्धं ऋण बाजूला गेलं, उरले ३२. आर्मचे २८ मला फार दिवस छळत होते. तिथे सूचनेत १२ बिट, पण ते आठ-आठ बाइटच्या उड्यांनी मोजतात, म्हणजे ३२ केबी व्हायला हवेत. मग चार गेले कुठे? आर्म आधी तक्ता ज्या ४ केबीच्या पानात सुरू होतो त्या पानाच्या सुरुवातीला जातो आणि तिथून अंतर मोजतो. तक्ता पानाच्या अगदी शेवटाजवळ सुरू झाला तर जवळपास ४ केबी वायाच. ३२ वजा ४. एक नोंद ८ बाइटची, म्हणजे साडेतीन हजारांच्या आसपास नावं मावतात. आमच्या लायब्ररीत शंभरसुद्धा नाहीत. तरी आम्ही आर्मवर मोठंच लावतो, उद्या कोणी भलीमोठी लायब्ररी जोडली तर रात्री दहाला फोन नको.

स्पार्क आणि ६८के खानदेशात कोणाच्या टेबलावर नसतील, त्यांना मॅन्युअलमध्ये एक ओळ पुरे. मिप्सचं तसं नाही. स्वस्त राउटरमध्ये तो भरपूर सापडतो, आणि तिथे मॅन्युअलची ओळ सरळसरळ दिशाभूल करते. मिप्सवर तक्त्याची मर्यादा सुमारे ६४ केबी. ती ओलांडली की लिंकर 'रिलोकेशन ट्रंकेटेड टू फिट' म्हणून ओरडतो. मुलगा काय करणार? मोठं पिक लावणार. काही फरक पडत नाही, कारण मिप्सवर ही मर्यादा पिकच्या आकाराने हटत नाही. तिथे एम-एक्सगॉट नावाचा वेगळा ऑप्शन आहे. त्यातही हल्लीचा लिंकर स्वतःच अनेक तक्ते करू शकतो, त्यामुळे एक्सगॉटची गरज क्वचितच पडते. आमच्या एका इंटर्नने कुठल्यातरी जुन्या सल्ल्यावरून तो सगळ्या फाइलींना लावून ठेवला होता. बिघडलं काही नाही, पण का लावला ते त्याला सांगता आलं नाही. मला खटकलं ते हे.

आता ३२ बिटी इंटेल, म्हणजे बागायतदाराच्या ऑफिसातला तो म्हातारा संगणक. तिथे पिक न लावता लायब्ररी बांधली तर लिंकर फार तर कुरकुरतो, अडवत नाही. लोडर लायब्ररी चढवताना कोडमध्येच पत्ते दुरुस्त करत बसतो. याला टेक्स्ट रिलोकेशन म्हणतात. चालतं, पण दुरुस्त केलेली पानं मग प्रत्येक प्रोसेसची वेगळी होतात, म्हणजे 'शेअर्ड' नावापुरतं. शिवाय कोडच्या पानावर लिहायची परवानगी द्यावी लागते, ही सुरक्षेच्या दृष्टीने वाईट सवय. अँड्रॉइडने ६.० पासून, त्या आवृत्तीसाठी बनवलेल्या अॅपमध्ये अशा लायब्ररी चढवायचं बंद केलं. त्याआधी २०१४ च्या ५.० पासून पाय नसलेले प्रोग्रॅम चालवणंही बंद केलं होतं. ज्यांनी पूर्वी ३२ बिटी लॅबमध्ये हे शिकवलं त्यांना 'नाही लावलं तरी चालतं' हा अनुभव खरोखर आलेला आहे. चूक तेव्हाही होती, फक्त दिसत नव्हती. तयार लायब्ररीवर रीडएल्फ हे तपासणीचं साधन चालवून त्यात टेक्स्टरेल शब्द शोधला की ती आजही दिसते.

आणि याच ३२ बिटी काळातलं दुसरं एक वाक्य अजून वर्गात ऐकू येतं: पिकमुळे प्रोग्रॅम हळू होतो. तेव्हा ते खरं होतं. ३२ बिटी इंटेलला 'मी आत्ता कुठे आहे' हे सरळ विचारता येत नाही. त्यासाठी एक छोटा कॉल मारून स्टॅकवर पडलेला परतीचा पत्ता उचलावा लागतो. वर ईबीएक्स हा रजिस्टर (प्रोसेसरच्या आतली आकडा ठेवायची जागा) तक्त्यासाठी अडकून पडायचा, आणि मुळात रजिस्टर आठच. २०१५ च्या जीसीसी ५ ने तो बराच मोकळा केला. ६४ बिटी इंटेलवर, चालू सूचनेच्या पत्त्यापासून अंतर मोजणं सूचनेतच आलं. आर्म ६४ वर एडीआरपी आणि रिस्क-फाइव्ह प्रोसेसरवर एयूआयपीसी या सूचना तेच काम करतात. आता हळूपणाची भीती घालण्यात अर्थ नाही. रिस्क-फाइव्हचा उल्लेख मुद्दाम करतोय. आयआयटी मद्रासचा शक्ती आणि सी-डॅकचा वेगा हे दोन्ही त्याच घराण्यातले, म्हणजे तुमची मुलं त्याला भिडणारच. तिथे छोट्या-मोठ्या पिकमध्ये फरक नाही.

ज्यांच्या घरी विंडोज लॅपटॉप आहे त्यांचं वेगळंच. जुना मिनजीडब्ल्यू, म्हणजे विंडोजवरचा जीसीसी, त्यांना सांगतो की हा ऑप्शन दुर्लक्षित केला, इथे सगळंच कोड पोझिशन-इंडिपेंडंट आहे. मुलगा घाबरून विचारतो, "सर, माझं चुकलं का?" मॅन्युअलमध्ये अर्धी ओळ असती तर विचारावं लागलं नसतं. जीसीसी सोडून इतर कंपायलरकडे गेलात तर ऑप्शनची नावंच बदलतात. सनच्या स्पार्क कंपायलरमध्ये पिक१३ आणि पिक३२ असे ऑप्शन आहेत, तेरा बिट नावातच सांगून टाकलेले. एचपीच्या कंपायलरमध्ये अधिक चिन्ह आणि झेड, स्मॉल किंवा कॅपिटल. मला सनची पद्धत आवडते. आपण मराठीत नाव ठरवलं तर त्या धर्तीवर ठरवावं.

त्या मुलीचं पुढे काय झालं ते राहिलं. डॅश सुधारला, मोठं पिक लावलं, आणि तरीही लिंकर तेच म्हणत राहिला: पिक लावून पुन्हा कंपाइल करा. तिने केलं. पुन्हा केलं. मेक क्लीन मारून, जुन्या बांधलेल्या फाइली पुसून केलं. दोन दिवस गेले, बाहेर ४४ डिग्री, आत एसी बंद. तिसऱ्या दिवशी मी तिच्याजवळ बसलो आणि म्हटलं, मेसेज शेवटून नको, सुरुवातीपासून मोठ्याने वाच. सुरुवातीला फाइलचं नाव होतं, आणि ती फाइल तिची नव्हतीच. मॉडबसचं, म्हणजे उपकरणांच्या आपसांतल्या बोलण्याचं, काम करणारी एक तयार स्टॅटिक लायब्ररी (बांधतानाच आत मिसळून जाणारी) आम्ही आत जोडतो, ती पिकशिवाय बांधलेली होती. स्टॅटिक लायब्ररीला पिक लागत नाही असं मॅन्युअलमध्ये लिहिलेलं आहे, आणि ती शेअर्डच्या पोटात जाणार नसेल तोवर ते बरोबरही आहे. तिने ती पुन्हा बांधली, दहा मिनिटांत काम झालं. "हे लिहून ठेवलंय का कुठे?" तिने विचारलं. मी आमची वही दाखवली, शाईने लिहिलेली. प्रत्येक प्रोसेसरला एक पान: काय लावायचं, न लावलं तर लिंकर नेमकं काय बोलतो, आणि कुठे त्याचं ऐकायचं नाही.

मला तुमच्या मॅन्युअलमध्ये अशी पानं हवी आहेत. सिलॅबस तुमच्या हातात नाही, मान्य, तो विद्यापीठाचा. मॅन्युअल तर तुमच्याच हातचं आहे. मशीन नाहीत ही अडचणही खरी नाही. आर्म, मिप्स, रिस्क-फाइव्ह या तिन्हींचे क्रॉस कंपायलर, म्हणजे एका मशीनवर बसून दुसऱ्यासाठी कोड बांधणारे, डेबियनवर फुकट मिळतात, आणि बांधलेलं चालवून बघायला दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणारा क्यूएमू आहे. बेरीज-वजाबाकीच्या जागी काउंटरवाली लायब्ररी ठेवा आणि प्रॅक्टिकलमध्ये मुलांनाच चारही ठिकाणी ती बांधून, काय मेसेज आला तो लिहून काढू द्या. एका बॅचने आर्मचं पान लिहावं, दुसरीने मिप्सचं. मराठीत लिहावं. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१-२२ पासून भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवायला वाट करून दिली आहे, पण भाषांतरित पुस्तकात हे कोणी आणून देणार नाही. हे लॅबमध्येच लिहिलं जायला हवं, चूक पडद्यावर असताना.

आमची वही मी कोणत्याही कॉलेजला झेरॉक्स करून द्यायला तयार आहे. तिच्यात चुका असतील, त्या काढून परत पाठवा. आर्मचे दोन बोर्ड आणि मिप्सचा एक राउटर शनिवारी रिकामे असतात. मुलांना घेऊन या, आधी फोन करा, कारण केळीच्या कटाईच्या दिवसांत आम्ही सगळे शेतात असतो.

कळावे,
आपला,
एक वर्कशॉपवाला, जळगाव

ता. क. नवीन मॅन्युअल छापायला टाकण्याआधी वर्ड प्रोसेसरमधलं आपोआप डॅश करणं बंद करा, आणि छापून आलेल्या पीडीएफमधून एक कमांड उचलून स्वतः टर्मिनलवर चिकटवून बघा.